सहलीची तारीख सूर्याला विचारू या

आमच्या ओळखीच्या एका शिक्षक दांपत्याने मागे एक बेत आमच्यापुढे ठेवला. बरीच वर्षे पैसे बाजूला टाकून दोघांना एकदाच उत्तरेकडच्या थंड देशांची सहल करायची होती. नॉर्वेतले फिओर्ड पाहायचे, मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा आणि जमल्यास आकाशातला हिरवा ध्रुवीय प्रकाशही. सर निवृत्त झालेले, पण बाईंची नोकरी चालू. त्यामुळे जायचे ते मेच्या सुट्टीतच. १ मे रोजी निकाल लागला की ३ मेला थेट ट्रोम्सो या उत्तरेकडच्या गावी पोहोचायचे आणि तेथून हळूहळू दक्षिणेकडे उतरायचे, असा आराखडा होता.

बेत छान होता. पण तारीख आणि दिशा दोन्ही चुकत होत्या. आम्ही जाहिरातींची पत्रके बाजूला ठेवली आणि पृथ्वीचा गोल घेऊन बसलो.

आपली सावली, त्यांचा सूर्य

शून्य सावलीचा दिवस बहुतेक शिक्षकांना माहीत असतो. एप्रिल-मेमध्ये सूर्य रोज थोडा उत्तरेकडे सरकतो. ज्या दिवशी तो आपल्या गावाच्या अक्षांशावर येतो, त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पणजीला हे ३ मेच्या सुमारास घडते, पुण्याला १४ मेच्या, नाशिकला २० मेच्या आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास.

आता गोलाकडे पाहा. सूर्य एका वेळी पृथ्वीचा अर्धा भाग उजळतो. म्हणजे सूर्य जिथे डोक्यावर असेल तिथून चारही दिशांना ९० अंशांपर्यंत उजेड पोहोचतो. नाशिकचा अक्षांश २०. तिथून उत्तरेकडे ७० अंश चालले की उत्तर ध्रुव येतो. उजेडाचे २० अंश अजून शिल्लक आहेत. ते ध्रुव ओलांडून पलीकडच्या बाजूला उतरतात आणि ७० अक्षांशापाशी संपतात. पण पलीकडच्या त्या बाजूला तर मध्यरात्र आहे! तिथल्या माणसाला मध्यरात्री सूर्य क्षितिजावर टेकलेला दिसतो.

हिशेब अगदी सोपा आहे. ९० मधून त्या दिवशीच्या शून्य सावलीच्या गावाचा अक्षांश वजा करायचा. येईल त्या अक्षांशाच्या उत्तरेला सूर्य मावळत नाही. ट्रोम्सोचा अक्षांश सुमारे ६९.६. म्हणजे नाशिकला सावली नाहीशी होते, त्याच सुमारास ट्रोम्सोला सूर्य मावळेनासा होतो. तो पुढे जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मावळत नाही. हवेतील वक्रीभवनामुळे आणि सूर्याच्या बिंबाच्या आकारामुळे या हिशेबात सुमारे एका अंशाचा फरक पडतो, एवढे लक्षात ठेवावे.

आता ३ मेची तारीख तपासू. सूर्य पणजीवर, म्हणजे १५.५ अंशांवर. ९० वजा १५.५ म्हणजे ७४.५. नॉर्वेची मुख्य भूमी ७१ अंशांच्या जरा पुढे संपते, ७४.५ पर्यंत ती पोहोचतच नाही. म्हणजे आमच्या मित्रांना मध्यरात्रीचा सूर्य दिसला नसता. ध्रुवीय प्रकाश तरी? त्याला हवा काळोख. पण मेच्या सुरुवातीस ट्रोम्सोला मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम पाच अंश जातो, संधिप्रकाश संपतच नाही. ध्रुवीय प्रकाशासाठी तिथे सप्टेंबर ते मार्चमध्ये जावे लागते. दोन्ही गोष्टी एका सहलीत मिळत नाहीत. मेमधली सहल म्हणजे मध्यरात्रीच्या सूर्याची सहल, तीही २० मेनंतरची.

वसंताबरोबर चालायचे

दुसरा प्रश्न दिशेचा. सूर्य मावळत नाही म्हणून लगेच उन्हाळा येतो असे नाही. ट्रोम्सोला २१ जूनच्या दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंशच वर चढतो. किरण तिरपे पडतात. शिवाय साचलेले बर्फ वितळवण्यात आणि समुद्र तापण्यात बरेच दिवस जातात. त्यामुळे तिथले मेचे सरासरी तापमान ५-६ अंश सेल्सिअस, तर जुलैचे १२ अंश. सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये आणि सर्वांत उबदार दिवस जुलैमध्ये, हे भूगोलाच्या तासाला सांगण्याजोगे उदाहरण आहे.

वसंत ऋतूही दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. मेच्या अखेरीस दक्षिणेकडच्या ओस्लो आणि बर्गनला झाडे हिरवी झालेली असतात, तेव्हा ट्रोम्सोच्या डोंगरांवर अजून बर्फ असते. म्हणून दक्षिणेत सुरुवात करून उत्तरेकडे जाणे शहाणपणाचे. सहल वसंताच्या मागोमाग चालते आणि शेवटच्या मुक्कामी मध्यरात्रीचा सूर्य रोज थोडा वर आलेला असतो.

या दिवसांत जाण्याचा आणखी एक फायदा आहे. फिओर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या आणि नंतर समुद्राचे पाणी शिरलेल्या खोल दऱ्या. सोन्ये फिओर्ड सुमारे २०० किलोमीटर लांब आणि १३०० मीटर खोल आहे. मेअखेर आणि जूनमध्ये डोंगरावरचे बर्फ वितळते आणि काठांवरून धबधबे भरभरून कोसळतात. बर्गनला वर्षाला पाऊस साधारण मुंबईइतकाच पडतो. पण मुंबईचा चार महिन्यांत, तर बर्गनचा वर्षभर. त्यातही एप्रिल ते जून हे कमी पावसाचे महिने. तरी छत्री, रेनकोट हवाच.

ध्रुववृत्ताच्या इतके पलीकडे बंदरे गोठत नाहीत, याचे श्रेय अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार सागरी प्रवाहाला आणि पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांना आहे. पलीकडच्या ग्रीनलंडमध्ये याच अक्षांशांवर हिमनग तरंगत असतात.

नव्याने आखलेला बेत

शेवटी असे ठरले: २२ मेला निघायचे. ओस्लो, तेथून डोंगर ओलांडणाऱ्या रेल्वेने बर्गन, वाटेत फिओर्ड. नंतर किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीने तीन-चार दिवसांत ट्रोम्सो. ही बोटसेवा १८९३ साली सुरू झाली. ट्रोम्सोला तीन रात्री राखून ठेवायच्या, कारण एखादी रात्र ढगांची निघू शकते. गावाभोवती डोंगर असल्याने रोपवेने ४२० मीटर वर जाऊन पाहावे. आणि बरोबर बाराला जाऊ नये! नॉर्वेत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे असतात. त्यामुळे ट्रोम्सोला सूर्य सर्वांत खाली येतो तो साधारण पाऊण वाजता. झोपण्यासाठी डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी न्यावी, कारण उजेडात शरीराला रात्र झाल्याचे कळत नाही. परतायचे ९ जूनपर्यंत, म्हणजे शाळा सुरू होण्याआधी.

कागदपत्रांचे वेळापत्रकही असते. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलँड या पाचही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. जिथे जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. अगदी उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. परीक्षांच्या गडबडीत हे राहून जाते, म्हणून नाताळच्या सुट्टीतच कामाला लागावे.

वर्गात करून पाहा

या सहलीला न जाताही हा धडा शिकवता येतो. गोलावर दोऱ्याने ९० अंशांचे माप घ्या (विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचे अंतर). दोऱ्याचे एक टोक आपल्या गावावर धरून दोरा सरळ उत्तरेकडे ध्रुवावरून पलीकडे न्या. दुसरे टोक कोणत्या अक्षांशावर पोहोचते? आपल्या शून्य सावलीच्या दिवशी तिथे मध्यरात्री सूर्य क्षितिजावर असेल. मग मुलांना विचारा: नागपूरच्या शून्य सावलीच्या दिवशी सूर्य कोणत्या अक्षांशापर्यंत मावळणार नाही? आणि दिल्लीत शून्य सावलीचा दिवस कधीच का येत नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले, की ध्रुववृत्त साडेसहासष्ट अंशांवरच का काढले आहे, हे मुले स्वतःच सांगतील.