अभिलेख व्यवस्थापन : प्रमाणपत्राधारित व्यवसायमार्ग आणि प्रतापगड परिसराची गरज

गोषवारा

अभिलेख सांभाळणे हे लिपिकाच्या अनेक कामांपैकी एक किरकोळ काम होय, असा समज आजही रूढ आहे. वास्तविक पाहता वनहक्क, जातपडताळणी आणि जमिनीची मालकी यांचे निर्णय जुन्या नोंदींवर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड परिसराच्या संदर्भात या कामाचे महत्त्व स्पष्ट करून, त्यातील व्यावसायिक प्रमाणपत्रांचे स्वरूप, उपयोग आणि मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : अभिलेख व्यवस्थापन, निस्तार पत्रक, वनहक्क, व्यावसायिक प्रमाणपत्र.

प्रस्तावना

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे गाव डोंगरावरील जुना किल्ला, महाशिवरात्रीची यात्रा आणि ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गा यांमुळे पूर्व विदर्भात परिचित आहे. भोवतालचा प्रदेश जंगल, धानशेती आणि माजी मालगुजारी तलावांचा आहे. या प्रदेशाची प्रशासकीय चौकट मात्र वारंवार बदलली. मालगुजारी पद्धती १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. १९५६ मध्ये हा भाग मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून गोंदिया जिल्हा निर्माण झाला. परिणामी एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या नोंदी निरनिराळ्या राजवटींच्या, निरनिराळ्या नमुन्यांच्या आणि कधी निरनिराळ्या भाषांच्याही असू शकतात. त्या शोधणे हे प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे.

नोंदींवर अवलंबून असलेले हक्क

२००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तारासारख्या सामुदायिक हक्कांना मान्यता दिली. अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्यांचे, म्हणजेच ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. याचा अर्थ पुरावा १९३० पर्यंत मागे न्यावा लागतो. नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते. तथापि त्याला निस्तार पत्रक, जमाबंदी अहवाल किंवा जुना नकाशा यांची जोड मिळाल्यास दाव्याला बळकटी येते.

जातपडताळणीचीही स्थिती अशीच आहे. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या, तर इतर मागासवर्गाच्या दाव्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या पुराव्याला विशेष महत्त्व आहे. हा पुरावा पुष्कळदा आजोबा-पणजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज नोंदवहीत असतो. त्या नोंदवहीचे एक पान वाळवीने खाल्ले, तर त्याची झळ थेट आजच्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला बसते.

कायद्याची चौकट

केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने प्रत्येक अभिलेख-निर्माण करणाऱ्या कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्यानंतर महाराष्ट्राने सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ संमत केला. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सर्व अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकित ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. अशा प्रकारे कायद्याने जबाबदारी निश्चित केली आहे. ती पार पाडण्याचे कौशल्य मात्र प्रशिक्षणातूनच येते.

कामाचे स्वरूप

अभिलेखाची निर्मिती, वर्गीकरण, सूची, जतनाचा कालावधी, मूल्यनिर्धारण आणि अखेरीस नाश किंवा पुराभिलेखागाराकडे हस्तांतरण, असा या कामाचा क्रम आहे. महाराष्ट्रातील कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत आणि अ, ब, क, ड असे वर्गीकरण प्रचलित आहे. अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी कार्यालयात केलेली सुधारणा ‘लखिना पद्धती’ म्हणून ओळखली जाते. अभिलेख कक्षाची घडी नीट बसली की सर्व कार्यालयाचे काम सुधारते, हे तिने दाखवून दिले.

या क्रमातील सर्वांत नाजूक टप्पा मूल्यनिर्धारणाचा होय. ‘अ’ वर्गातील कागद कायम ठेवायचे असतात, तर ‘ड’ वर्गातील अल्पकाळाने नष्ट करायचे असतात. निस्ताराची एखादी नोंदवही अज्ञानामुळे ‘ड’ गठ्ठ्यात गेली, तर ती चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. संगणकीकरणानेही हा प्रश्न सुटत नाही. चुकीच्या शीर्षकाखाली स्कॅन केलेले पान असून नसल्यासारखेच असते.

प्रमाणपत्रांच्या पायऱ्या

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यापुढे साधारणतः तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची. भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराच्या नवी दिल्लीतील ‘स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीज’ या संस्थेने अभिलेख व्यवस्थापन, प्रतिलेखन तंत्र, तसेच ग्रंथ व हस्तलिखितांचे संवर्धन या विषयांचे अल्पकालीन अभ्यासक्रम चालविले आहेत. सेवेत असलेल्या लिपिकाला किंवा ग्रंथपालाला हा मार्ग सोयीचा आहे. दुसरी पायरी याच संस्थेच्या एक वर्षाच्या पदविकेची असून, पुराभिलेखागारे आणि संशोधन संस्थांतील कामासाठी ती उपयुक्त ठरते.

तिसरी पायरी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ सर्टिफाइड रेकॉर्ड्स मॅनेजर्स’ ही १९७५ मध्ये स्थापन झालेली संस्था शिक्षण आणि प्रत्यक्ष अनुभव तपासून सहा भागांची परीक्षा घेते. पहिले पाच भाग बहुपर्यायी प्रश्नांचे असतात. सहाव्या भागात प्रत्यक्ष प्रकरणे सोडवून लेखी उत्तरे द्यावी लागतात. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही ते टिकविण्यासाठी ठरावीक मुदतीत पुढील अध्ययन सिद्ध करावे लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध आणि २०१६ मध्ये सुधारित झालेले आयएसओ १५४८९ हे मानकही अभ्यासणे इष्ट होय.

मर्यादा

प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे. शासकीय पदे भरतीच्या नियमांनुसारच भरली जातात. आंतरराष्ट्रीय परीक्षा इंग्रजीतून होते, तिचे शुल्क परकीय चलनात असते आणि तिचा रोख मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या कामकाजावर आहे. नागपूर, पुणे, मुंबई येथील बँका, औषध कंपन्या आणि माहिती तंत्रज्ञान संस्थांत तिचा उपयोग होऊ शकतो. पण निस्तार पत्रक कसे वाचावे, हे ती शिकवीत नाही. त्यासाठी स्थानिक महसूल नमुन्यांची ओळख आणि जुन्या कागदांकरिता मोडी लिपीचे ज्ञान आवश्यक ठरते. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले आहेत. आंतरराष्ट्रीय शिस्त आणि स्थानिक ज्ञान यांचा मेळ ज्याला साधेल, तोच या परिसरात खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.

महाविद्यालयांची भूमिका

महाविद्यालय हे स्वतःच अभिलेखांचे मोठे भांडार आहे. प्रवेश नोंदवह्या, गुणपत्रके, सेवापुस्तके आणि नॅकसाठी जमविलेली कागदपत्रे ही विद्यार्थ्यांना तयार प्रयोगशाळा ठरू शकतात. मात्र व्यक्तिगत माहितीची गोपनीयता पाळणे हा त्या प्रशिक्षणाचा पहिला पाठ असावा. इतिहास, वाणिज्य, ग्रंथालयशास्त्र आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन अल्पमुदतीचा अभ्यासक्रम आखल्यास पदवीधरांना पहिली पायरी गावाजवळच उपलब्ध होईल. ग्रामसभेच्या अनुमतीने गावातील जुन्या कागदांची सूची करणे, हा त्यातील प्रकल्प होऊ शकतो.

निष्कर्ष

अभिलेख व्यवस्थापन हा मानाचा आणि जबाबदारीचा व्यवसाय आहे. प्रमाणपत्रामुळे त्या कामाला ओळख, शिस्त आणि बढतीचा मार्ग मिळतो. तथापि त्याची खरी कसोटी परीक्षेतील गुणांत नसून, प्रतापगडसारख्या गावातून आलेल्या अर्जदाराला पणजोबांची नोंद वेळेत हाती पडते की नाही, यात आहे. ही कसोटी ध्यानात ठेवून महाविद्यालयांनी या विषयाला अभ्यासक्रमात स्थान देणे अगत्याचे आहे.