बांगीची तैनाती फौज

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी येथे डिसेंबर २०२४ मध्ये दोन रशियनांच्या पुतळ्यांचे अनावरण झाले. येवगेनी प्रिगोझिन व दिमित्री उत्किन हे ते दोघे. 'वाग्नर' या भाडोत्री सैन्याचे कर्ते धनी. एकाच्या अंगात चिलखत, दुसऱ्याच्या हाती बंदूक. ऑगस्ट २०२३ मध्ये विमान अपघातात मेलेल्या या सावकारांचे ऋण बांगीच्या सरकारला एवढे मोठे का वाटावे, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा देश विस्ताराने महाराष्ट्राच्या दुप्पट, लोकवस्तीने मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. भूगर्भात सोने आणि हिरे, भूपृष्ठावर दारिद्र्य. १९६० साली तो स्वतंत्र झाला, पण फ्रान्सचा हात सुटला नाही. १९७७ मध्ये बोकासाने स्वतःला सम्राट म्हणून अभिषेक करवून घेतला, त्या थाटाला फ्रान्सने हातभार लावला. आणि दोनच वर्षांनी फ्रान्सच्याच सैनिकांनी त्याला सिंहासनावरून खाली ओढले. २०१३ मध्ये सेलेका बंडखोरांनी राजधानी घेतली तेव्हा तेच सैन्य पुन्हा उतरले आणि २०१६ मध्ये मोहीम आटोपती घेऊन बहुतांशी परतले. शेवटचा फ्रेंच सैनिक डिसेंबर २०२२ मध्ये गेला. तोवर रशियाने जागा घेतलीच होती. २०१८ पासून रशियन बंदुका आल्या, आणि त्यांबरोबर 'प्रशिक्षक' म्हणविणारेही आले.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये निवडणुकीच्या तोंडावर बंडखोर राजधानीवर चालून आले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेखेरीज रशियन व रवांडाचे सैनिक उभे राहिले म्हणूनच सरकार टिकले. भयग्रस्त नागरिकांना त्यांचे स्वागत करावेसे वाटले, तर त्यांना दोष कोण देणार?

पण ज्या हाताने ढाल दिली त्याच हाताने पावती लिहिली. बांबारीनजीकच्या न्दासिमा येथील सोन्याच्या खाणीचा परवाना एका कॅनेडियन कंपनीकडून काढून घेण्यात आला आणि ती 'मिडास' नामक कंपनीकडे गेली. ही कंपनी वाग्नरची, असे सांगून अमेरिकेने जून २०२३ मध्ये तिच्यावर निर्बंध लादले. बांगीत फ्रेंच मालकीची बिअर होती, तिच्या शेजारी रशियनांची बिअर आली. मार्च २०२३ मध्ये त्या फ्रेंच मद्यशाळेला आग लावण्यात आली! रवांडाच्या सैनिकांपाठोपाठ त्या देशाचे उद्योगपतीही करार करावयास आले. अमेरिकेतील एका खाजगी सुरक्षा संस्थेनेही मागाहून दार ठोठावले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२१ पासून हत्या व छळ यांचे आरोप रशियन 'प्रशिक्षकां'वर वारंवार केले, ते कोणी फारसे मनावर घेतले नाहीत. गिऱ्हाइके वाढली, म्हणजे फिर्यादींचा आवाज दबतो.

राष्ट्राध्यक्ष तुआदेरा यांस केवळ बिचारे समजण्याचे कारण नाही. एका सत्तेला दुसरीविरुद्ध खेळविण्याची कला त्यांनी साधली आहे. जुलै २०२३ च्या सार्वमताने त्यांनी कारकीर्दीची मर्यादाच उडवून टाकली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिसऱ्यांदा ते निवडणुकीस उभे राहिले. रक्षण झाले ते राजप्रासादाचे व खाणींचे. दूरच्या जिल्ह्यांत काय? मार्च २०२३ मध्ये बांबारीजवळच एका खाणीवर नऊ चिनी कामगार मारले गेले.

आमच्या वाचकांस हा व्यवहार परका वाटू नये. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची फौज घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लिहून दिला. फौज शत्रूपासून राखी, पण मालक म्हणून स्वतः बसली. तेव्हा मुलूख दिला जाई, आता खाणीचा परवाना. इतकाच काय तो फरक.

२०२५ मध्ये मॉस्कोने वाग्नरऐवजी आपले सरकारी 'आफ्रिका कोअर' घ्यावे आणि मोबदला रोख द्यावा, असा आग्रह धरल्याच्या वार्ता आल्या. बांगी त्यास नाखूश असल्याचेही कळते. हा वाद आता उघड्यावर येण्याची वेळ आहे. जो करार आपल्या डोंगराखालचे सोने गहाण टाकतो, त्याच्या अटी त्या देशातील नागरिकांना वाचावयास मिळाल्या पाहिजेत. तुआदेरा सरकारने खाणींचे व सुरक्षेचे सर्व करार आपल्या राष्ट्रीय सभेपुढे मांडावेत, आणि दिल्लीसह ज्या राजधान्या आफ्रिकेच्या मैत्रीची भाषा बोलतात त्यांनी ही मागणी संयुक्त राष्ट्रांत उचलून धरावी.