अंगठ्याचा खर्ज

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि सात दिवस अहोरात्र तारेवरचं बोट थांबत नाही. जालना-भोकरदन रस्त्यावरच्या राजुरात किंवा आसपासच्या कुठल्याही गावात हे दृश्य कुणाला नवं नाही. पण त्या वीणेकडे एकदा केवळ वाद्य म्हणून पाहावं. पुष्कळदा तिच्या दांडीवर पडदे असतात, सतारीसारखे. डावा हात मात्र त्यांच्यावर सूर काढायला जात नाही. तो दांडी सांभाळतो. उजव्या हाताचं बोट मोकळ्या तारा छेडत राहतं. वीणेकऱ्याने सूर धरायचा, टाळ-मृदंगाने लय सांभाळायची, चाल गाणाऱ्यांनी चालवायची. गोंधळातही हीच वाटणी : तुणतुणं, संबळ आणि गोंधळी. शास्त्रीय बैठकीत तानपुरा, तबला आणि गायक. सूर, लय आणि चाल ही तीन कामं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या माणसांकडे राहिली.

फिंगरस्टाइल गिटार वाजवणारा ही तिन्ही कामं एकट्याने करतो, तीही मुख्यतः उजव्या हाताच्या पाच बोटांत. टॉमी इमॅन्युएल या ऑस्ट्रेलियन वादकाची मैफल नुसती पडद्यावर पाहिली तरी आधी गोंधळायला होतं. मंचावर एक खुर्चीसुद्धा नाही, मागे वाद्यवृंद नाही, पुढे स्वरलिपीचा कागद नाही. त्याला ती वाचताच येत नाही. तरी ऐकू मात्र तीन माणसं येतात. अंगठा खालच्या जाड तारांवर एक-दोन-एक-दोन असा खर्ज चालवतो. तळहाताची कड घोडीवर हलकेच टेकलेली असते, त्यामुळे तो खर्ज घुमत न राहता मृदंगाच्या धुमेसारखा दबका, ठोस येतो. तर्जनी आणि मधलं बोट वरच्या तारांवर चाल गातात. मधल्या तारा उरलेल्या फटींमध्ये सूर भरतात. रंगात आला की तो गिटारच्या अंगावरच थापा मारतो, आणि त्याच्या जुन्या मेटन गिटारच्या पृष्ठभागावरचा रंग अशा थापांनी आणि घासण्याने पार उडून गेलेला आहे. कसरतीचा भाग त्यात आहेच, आणि कधीकधी तो जास्त होतो असं माझं मत आहे. पण कसरत ओसरून तो एखादी संथ चाल घेतो तेव्हा खरा प्रश्न पुढे येतो : अंगठा इतक्या निर्विकारपणे आपला खर्ज कसा चालवत राहतो? बाकीची बोटं मागे रेंगाळतात, पुढे धावतात. अंगठ्याला त्याचं काही नाही. आपल्याकडे तबलजी ठेका धरून राहतो आणि गवई त्याच्याशी खेळतो. इथे तबलजी आणि गवई एकाच मनगटाला जोडलेले आहेत.

या हाताची वंशावळ अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या कोळसा खाणींच्या मुलखात सापडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आर्नल्ड शुल्झ नावाचा एक कृष्णवर्णीय वादक नाचगाण्यांत फिडल आणि गिटार वाजवत असे. १९३१ मध्ये तो गेला. त्याची अंगठ्याची चाल केनेडी जोन्स, मोझ रेगर, आइक एव्हर्ली अशा स्थानिक वादकांच्या हातांतून मर्ल ट्रॅव्हिसपर्यंत पोचली. हे सगळं ऐकून, पाहून, शेजारी बसून शिकणं. आपल्या भजनी मंडळात मृदंग शिकतात तसंच. ट्रॅव्हिस फक्त अंगठा आणि तर्जनी वापरायचा. चेट ॲटकिन्सने त्याला प्रथम ऐकलं ते रेडिओवर, सिनसिनाटीच्या केंद्रावरून. हात दिसण्याचा प्रश्नच नव्हता. एवढं सगळं दोन बोटांत होत असेल हे त्याला सुचलंच नाही. त्याने अंगठ्याच्या जोडीला आणखी बोटं लावून आपली पद्धत बसवली. पुढे जगभर पसरली ती मुख्यतः ॲटकिन्सची पद्धत, म्हणजे एका चुकीच्या अंदाजाची. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात सात वर्षांच्या इमॅन्युएलनेही ॲटकिन्सला रेडिओवरच ऐकलं. १९९९ मध्ये त्याच ॲटकिन्सने त्याला ‘सर्टिफाइड गिटार प्लेअर’ ही आपण स्वतः सुरू केलेली पदवी दिली.

एलिझाबेथ कॉटन ही बाई तर याहून नवलाची. डावखुरी. उजव्या हाताची गिटार तिने तारा न बदलता तशीच उलटी धरली, त्यामुळे खर्ज बोटांकडे गेला आणि चाल अंगठ्याकडे. ती घरकाम करून पोट भरत होती. लोकसंगीताच्या अभ्यासात बुडालेल्या सीगर कुटुंबात कामाला असताना तिचं वाजवणं लोकांच्या कानी पडलं. नव्वदी ओलांडल्यावर तिला ग्रॅमी मिळालं, तेही प्रत्यक्ष मैफलींच्या ध्वनिमुद्रणाला. कुठलं बोट कुठे जावं याचा नियम नाही, खर्ज सुटता कामा नये एवढाच नियम, हे तिच्याइतकं स्पष्ट कुणी दाखवलं नसेल.

मग ही कला आपल्याकडे का रुजली नाही? गिटार तर कधीचीच आली. गोव्यात ती पोर्तुगिजांबरोबर आली, मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्याच वादकांनी ती रुळवली. तरी मराठी श्रोत्याने ‘गिटारवादन’ म्हणून जे मनापासून ऐकलं ते मांडीवर आडवी ठेवून, तारेवर लोखंडी कांडी सरकवत वाजवलेलं : हवाईयन गिटार. तिच्यावर मराठी-हिंदी गाणी वाजवणं हा एके काळी लग्न-समारंभांतला आणि आकाशवाणीवरचा हमखास प्रकार होता.

हवाई बेटांवर गिटारच्या दोन रीती नांदत होत्या. एक, तारा ढिल्या करून मोकळ्या सुरांत लावायच्या आणि अंगठ्याने खर्ज, बोटांनी चाल काढायची. ही स्लॅक-की, फिंगरस्टाइलचीच सख्खी बहीण. दुसरी, १८८९ च्या सुमारास ओआहू बेटावर जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाच्या नावावर जमा असलेली, पोलाद सरकवण्याची रीत. हवाईचे वादक जगभर फिरले, हिंदुस्थानातही आले. टाऊ मो आणि त्याचं कुटुंब चाळीसच्या दशकात कोलकात्यात राहिलं. आपण त्यातली दुसरी रीत उचलली आणि पहिलीकडे बघितलंही नाही. कारण उघड आहे. पोलादी कांडीने मींड निघते. पडद्यांच्या गिटारवर सूर पायऱ्यांनी चढतो, कांडीखाली तो घसरत, लांबत, गळ्यासारखा जातो. एका वेळी चार सूर ऐकायची भूक आपल्या कानाला नव्हती. एका सुरापासून दुसऱ्या सुरापर्यंतचा रस्ता ऐकायची होती.

या निवडीचा सगळ्यात देखणा पुरावा मुंबईत, एका मराठी माणसाच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झाला. जी. एन. जोशी हे वकिलीचं शिक्षण घेतलेले गायक. जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ त्यांनी १९३० च्या दशकात गायली, आणि मराठी भावगीताची वाट तिथून रुंद झाली. पुढे ते एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. १९६७ मधली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्यांच्या हातून निघाली : काश्मिरातल्या मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, संतुरावर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर माणिकराव पोपटकर आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरा. संतूर-बासरीचं कौतुक सगळेच करतात. मला त्या तबकडीचा कणा गिटार वाटते. संतुराला आघात आहे पण मींड नाही, बासरीला मींड आहे पण आघात नाही. काबरांच्या तारेला दोन्ही आहेत, म्हणून ती मध्ये उभी राहून दोघांना जोडते.

काबरा जोधपूरचे, १९३७ चा जन्म, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. विजेच्या गिटारचा मोह टाळून त्यांनी पोकळ अंगाची गिब्सन घेतली, तिच्या तारा पट्टीपासून उंच उचलल्या आणि सुराची तार जोडली. म्हणजे गिटारमधला एक गुण त्यांनी वाढवला आणि दुसरा काढून टाकला. अनेक आवाजांचं ते वाद्य एका आवाजाचं झालं. या रस्त्यावर पुढे विश्वमोहन भट्ट आले, मोहनवीणा आली, राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रणाला १९९४ मध्ये ग्रॅमी आलं. २०१८ मध्ये काबरा गेले तेव्हा हा रस्ता हमरस्ता झालेला होता.

पण कांडीचा हा रस्ता आपण हवाईकडून आणला असं म्हणून थांबता येत नाही, कारण तो राजुरापासून शंभर किलोमीटरच्या आत, देवगिरीत, सातशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा प्रमुख होता. आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आलेले. नातू वैद्यक जाणणारा, आकडेमोड करणारा आणि ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा. पुण्याच्या आनंदाश्रमाने मंगेश रामकृष्ण तेलंगांच्या संपादनाखाली हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला, ग. ह. तारळेकरांमुळे तो मराठीतही वाचता येतो. त्याच्या सहाव्या, वाद्यांच्या अध्यायात एकतंत्री वीणा आहे. खैराच्या लाकडाची, तीन हात लांब दांडी, एक तार, पडदा एकही नाही. डाव्या हातात बांबूची ‘कम्रिका’ धरायची आणि ती तारेवर सरकवून सूर काढायचा. काबरांच्या हातातल्या पोलादी कांडीची ही थेट पूर्वज नसेल. पण कल्पना तीच.

शार्ङ्गदेव खरा रमतो तो उजव्या हातात. हिशेबनीसच तो, त्याने हाताच्या हालचालींचा खातेवार जमाखर्च मांडला आहे. उजव्या हाताचे ९ व्यापार, डाव्याचे २, दोन्ही हातांचे मिळून १३. घात, पात, संलेख, उल्लेख, छिन्न... बोटाने आत ओढणं वेगळं, बाहेर ढकलणं वेगळं. ‘भ्रमर’ म्हणजे चार बोटांनी एकामागून एक झरझर तार छेडणं. ‘नखकर्तरी’त हेच काम नखांकडे जातं. स्पेनच्या फ्लामेंको वादकाची नखांची ती फर्रकन पसरणारी छेड ऐकली की नखकर्तरी आठवल्याशिवाय राहत नाही. आजचे फिंगरस्टाइल वादक उजव्या हाताची नखं जिवापाड जपतात, मोडू नयेत म्हणून कृत्रिम नखं चिकटवतात. देवगिरीच्या वैणिकाला हे वेड समजावून सांगावं लागलं नसतं. घोडीवर तारेखाली बसवायच्या बांबूच्या चिपेला शार्ङ्गदेव ‘जीवा’ म्हणतो. तानपुऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण आज जवारी खुलवतो, ती हीच युक्ती. गिटारवाल्यानेही घोडीचीच वाट धरली : तिथल्या हाडाच्या पट्टीखाली दाबाने वीज देणारा स्फटिक बसला, तेव्हा कुठे एकट्या गिटारचा खर्ज आणि अंगावरची थाप मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेत पोचू लागली.

आणखी मागे गेलं तर अजिंठ्याच्या चित्रांत आखूड मानेची, फुगीर पोटाची वीणा दिसते, गिटारच्या जवळची. हा आकार अमरावतीच्या शिल्पांतही आहे. नंतरच्या शतकांत तो मागे पडला आणि दांडी-भोपळ्याच्या वीणा पुढे आल्या. म्हणजे पोटाचं वाद्य आपल्याकडे होतं, बोटांचं शास्त्रही होतं. ज्या दिशेने ते वाढलं ती दिशा निराळी होती. केंटकीच्या अंगठ्याने एका हातातून तीन माणसं उभी केली. देवगिरीच्या बोटांनी एकाच तारेला चोवीस तऱ्हांनी स्पर्श करून तिच्यातून एकच माणूस बोलका केला.

ही दुसरी दिशा जिवंत मैफलीत ऐकायची तर पनवेलजवळच्या पळस्प्याचं नाव घ्यावं लागतं. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांनी तिथे गुरुकुल उभं केलं. रुद्रवीणेचे भोपळे त्यांनी मोठे करून घेतले, दांडी रुंद केली, तारा जाड केल्या आणि मिजराब काढून टाकून उघड्या बोटांनी छेडायला घेतलं. त्यांच्या आलापात एक आघात झाला की तो विझेपर्यंत पुढचा होत नाही. मधल्या वेळात डावा हात तार ओढून सुराच्या आतले सूर काढत राहतो. इमॅन्युएल ज्या वेळात शंभर आघात करील त्यात डागर दहा करतील. पण रुद्रवीणा वाजवणाऱ्याचीही उजवी करंगळी चिकारीच्या तारांवर असते, आणि डाव्या हाताची करंगळी अधूनमधून दांडीच्या बाजूची खर्जाची तार छेडते. सूर धरायचं काम तोही दुसऱ्याला देत नाही. १९९० मध्ये ते गेले. मुलगा बहाउद्दीन डागर ती वीणा पुढे वाजवतात.

मराठवाड्यातल्या मुलांपर्यंत ही वीणा क्वचितच पोचते. फिंगरस्टाइल गिटार मात्र मोबाइलमधून घरात आलेली आहे. २००६ मध्ये अँडी मॅकी या अमेरिकन वादकाची ‘ड्रिफ्टिंग’ ही चित्रफीत इंटरनेटवर तुफान पाहिली गेली आणि गिटार दोन्ही हातांनी बडवत वाजवणाऱ्यांची एक पिढीच निघाली. त्याच्या आधी, १९८४ मध्ये, मायकेल हेजेसने ‘एरिअल बाउंडरीज’मध्ये हे सगळं जास्त खोलात जाऊन केलेलं होतं, १९९७ मध्ये मोटार अपघातात तो गेला नसता तर या पिढीने आदळआपट थोडी कमी केली असती असं मला वाटतं. वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या मंचावर सोनेरी महालासमोर सतार-सरोद ऐकायला माणसं येतात. एकटा गिटारवाला राजुराच्या गणपतीच्या मंडपात अंगारकीच्या रात्री बसला तर मात्र लोक उठून जातील अशी शंका पुष्कळांना येईल. मला येत नाही, आणि त्याला एक तांत्रिक कारण आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश वादकाने मोरोक्कोत ‘ऊद’ हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या साथीला बसता यावं म्हणून गिटारच्या तारा वेगळ्या लावल्या. आज ती जुळणी डॅडगॅड या नावाने फिंगरस्टाइल वादकांची लाडकी आहे. फ्रान्सच्या पिएर बेन्सुसाँने तर आयुष्यभर दुसरी लावली नाही म्हटलं तरी चालेल. सहा तारा अशा : सा, प, सा, म, प, सा. गंधार नाही, त्यामुळे कोमल की शुद्ध हा हट्ट नाही. षड्ज-पंचम-मध्यम एवढंच. मोकळ्या तारा छेडल्या की समोर तानपुरा. अंगठा पहिल्या दोन तारांवर सा-प, सा-प करू लागला की तो वीणेकरी झाला, आणि वरच्या तारांवर बोटं भजनाच्या चालीला मोकळी. इथे षड्ज पांढरी दोनवर येतो. पेटीवाल्याला एवढं सांगितलं की तो सूर देईल, पखवाजवाला शाई आणि कणीक त्याला मिळवून घेईल. गाणाऱ्याचा आवाज चढा असला तर गिटारच्या मानेवर पहिल्या घरात चाप लावायचा आणि काळी दोनमध्ये सुरू करायचं.