सेवेला सुट्टी हवीच

"सेवेला सुट्टी नसते." कोरोनाच्या दिवसांत वसई-विरारमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की आता कुणी म्हटलं तर गप्प बसवत नाही. शिधावाटपाच्या रांगेत ऐकलं, सत्काराच्या मंचावरही ऐकलं. त्याच्या पोटात एक समजूत असते: जो थकतो, त्याची तळमळच कच्ची.

साफ चूक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट' म्हणजे काय ते सांगितलं आहे. कामाचा ताण दीर्घकाळ साचत गेला, त्याला वाट मिळाली नाही, की ही अवस्था येते. संघटना याला आजारसुद्धा म्हणत नाही. स्वभावदोष तर लांबच राहिला. खुणा तीन: अंगातलं बळ संपतं, कामावरून मन उडून कडवटपणा येतो, आणि हातून काम नीट होत नाही.

यातली दुसरी खूण नीट पाहा. मे २०२० मध्ये वसई रोडहून श्रमिक गाड्या सुटत होत्या. तेव्हा मजुरांचे फॉर्म भरून देणारी नालासोपाऱ्याची एक कार्यकर्ती मला आठवते. सुरुवातीला ती प्रत्येकाला गाव विचारायची, पोरांची चौकशी करायची. पुढे पुढे मान वर न करता "आधार दाखवा" एवढंच. एकदा घामाने भिजलेली झेरॉक्स पुढे करणाऱ्या म्हाताऱ्यावर ती ओरडली, आणि मग खुर्च्यांच्या थप्पीमागे जाऊन रडली. तिची तळमळ कुठेही गेली नव्हती. ती सलग किती दिवस येतेय, हे कुणी मोजलंच नव्हतं. तिला सुट्टी मिळणं ही त्या म्हाताऱ्याचीही गरज होती.

"मग योगा करा, छंद जोपासा," हा सल्लाही अर्धाच. प्राणायाम चांगलाच, पण रात्री अकराला बेडसाठी येणारे सगळे फोन एकाच नंबरवर येत असतील, तर तो काय करणार? पाळ्या लावणं, फोन आळीपाळीने सांभाळणं, मास्क पुरवणं, मानधन वेळेवर देणं ही संस्थेची आणि सरकारची कामं आहेत. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा सेविका मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, तेव्हा "सेवेचे पैसे कसले मागता?" म्हणणारेही भेटले. या बायका घरोघरी ऑक्सिजन मोजत फिरत होत्या! त्यांच्याही घरी चूल पेटावी लागते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"दुःख पाहून पाहून मन घट्ट होतं." नाही, बधिर होतं.

"मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं केलं की मोकळं वाटतं." एप्रिल २०२१ मध्ये विरारच्या कोविड रुग्णालयाला आग लागली. अशा प्रसंगानंतर कुणाला बळजबरीने बोलायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची २०११ ची पुस्तिका सांगते. सोबत बसावं; बोलला तर ऐकावं.

"समुपदेशन वेड लागलेल्यांसाठी." झोप उडाली, चिडचिड वाढली, एवढं कारण पुरतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.