रक्तातील मेद : जनुकांची साक्ष

मांस नाही, अंडी नाहीत, मद्य नाही, सूर्यास्तानंतर अन्नही नाही. मग आपल्या रक्तात कोलेस्टेरॉल येणार कोठून? ही समजूत आपल्या व्यापारी कुटुंबांत खोलवर रुजलेली आहे. तरीही पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गाठलेला एखादा काका वा मामा बहुतेकांच्या नात्यात असतोच. याचे कारण साधे आहे. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही. ते शरीर स्वतःच तयार करते. किती तयार करावे आणि यकृताने रक्तातून किती परत उचलावे, यावर जनुकांचा मोठा अंमल असतो.

२००७ साली नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इंटरहार्ट' या जागतिक अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी, तर इतर देशांत जवळजवळ ५९व्या वर्षी आलेला आढळला. व्यापाराच्या भाषेत, दुकान मुलाच्या हाती सोपवण्याआधीची ही सहा वर्षे आहेत.

रक्ततपासणीच्या अहवालातील कोणता आकडा खरा गुन्हेगार आणि कोणता केवळ घटनास्थळी हजर असलेला, हे ठरवणे मात्र सोपे नाही. बँकेतील उदाहरण घेऊ. लॉकर असलेले खातेदार कर्जाचे हप्ते सहसा वेळेवर भरतात. पण म्हणून प्रत्येक थकबाकीदाराला लॉकर दिला, तर वसुली होईल काय? लॉकर हे सुस्थितीचे लक्षण आहे, परतफेडीचे कारण नव्हे. एचडीएल, म्हणजे ज्याला आपण कौतुकाने 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतो, त्याबाबत नेमका हाच प्रश्न होता.

उत्तर जनुकांनी दिले. आई आणि वडील यांच्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणती एक मुलाला मिळेल, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. ही सोडत माणसाचा आहार, तंबाखू, पैसा, काळज्या यांच्या आधी निघालेली असते. पुढील सवयी तिचा निकाल बदलू शकत नाहीत. म्हणून जन्मतःच एखादा मेद कमी असणारे आणि तो जास्त असणारे यांची तुलना म्हणजे निसर्गानेच केलेली औषधचाचणी होय. मार्टिन काटान यांनी १९८६ साली एका छोट्या पत्रात ही कल्पना मांडली. २००३ मध्ये जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी तिला शास्त्राचे रूप दिले. आनुवंशिकतेचे जनक मेंडेल यांच्या नावावरून ही पद्धत ओळखली जाते.

एलडीएलविरुद्धचा पुरावा भक्कम निघाला. 'पीसीएसके-९' नावाचे जनुक निकामी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन व्यक्तींचे एलडीएल इतरांपेक्षा सुमारे २८ टक्के कमी होते. सुमारे १५ वर्षांच्या निरीक्षणात त्यांच्यातील हृदयरोगाचे प्रमाण तब्बल ८८ टक्के कमी आढळले. हा निष्कर्ष २००६ सालचा. त्याच जनुकाच्या कार्याला रोखणारी इंजेक्शने आज भारतातही मिळतात.

२८ टक्क्यांच्या घटीला ८८ टक्क्यांचा लाभ कसा? येथे आम्हा बँकवाल्यांना चक्रवाढ आठवते. एलडीएल धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे साचते. महत्त्व रकमेइतकेच मुदतीला आहे. ब्रायन फेरेन्स यांनी २०१२ मध्ये हिशेब मांडला. एलडीएल जन्मापासून सुमारे ३९ मिलिग्रॅमने कमी असेल, तर धोका निम्म्याहून अधिक घटतो. तेवढीच घट उतारवयात गोळ्यांनी केली, तर सुमारे एक पंचमांशच.

एचडीएलचा निकाल उलटा लागला. ते वाढवणाऱ्या टॉर्सेट्रापिब या औषधाची सुमारे १५,००० रुग्णांवरील चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. दोष औषधाचा असेल, असे तेव्हा म्हणता येत होते. त्याने रक्तदाबही वाढत असे. परंतु २०१२ साली 'लॅन्सेट'मधील मोठ्या अभ्यासाने दाखवले, की जनुकामुळे जन्मतः एचडीएल जास्त असणाऱ्यांनाही झटक्यापासून अपेक्षित संरक्षण मिळत नाही. एचडीएल कमी असणे ही धोक्याची खूण खरी, पण 'माझे एचडीएल साठ आहे' म्हणून वाढलेल्या एलडीएलकडे डोळेझाक करणे म्हणजे लॉकरच्या किल्लीवर कर्ज मंजूर करणे.

ट्रायग्लिसराइडचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे. ते वाहून नेणारे कणही दोषी असल्याचे जनुके सुचवतात, एवढे येथे पुरे.

आपल्या दृष्टीने लिपोप्रोटीन-ए अधिक महत्त्वाचे. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा कण एलडीएलचा भाऊबंद. त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते आणि पथ्याने फारसे हलत नाही. जनुकीय पुराव्याने त्यालाही खरा कारक ठरवले आहे. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुमारे २५ टक्के भारतीयांत ते ५० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त असते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ही तपासणी नसते, वेगळी सांगून करावी लागते. पण आयुष्यात एकदा केली तरी बहुधा पुरते. मूळ प्रमाण उपवासाने वा पथ्याने खाली येत नसले, तरी ते जास्त असेल तर एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांबाबत डॉक्टर अधिक कडक धोरण ठेवतात.

याच सूचनांत पहिली लिपिड तपासणी १८व्या वर्षी करावी आणि घराण्यात लवकर हृदयविकार झालेला असल्यास त्याआधीच, असे म्हटले आहे. कारण काही घराण्यांत एलडीएल उचलणाऱ्या जनुकातच दोष असतो. गुजराती मूळ असलेल्या, दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांत असा एकच दोष वारंवार आढळला. शास्त्रीय वाङ्मयात त्याला गुजरातचेच नाव मिळाले आहे. आई वा वडील यांपैकी एकात असा दोष असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. म्हणून डॉक्टर तीन पिढ्यांतील हृदयविकाराची माहिती विचारतात, तेव्हा सासरी गेलेल्या आत्या आणि बहिणी यांचीही नावे त्यात घालावीत. त्यांच्या मुलांनाही ही तपासणी तितकीच लागू आहे.