पावसातलं अंगण : शेवाळ कुठे धरतं ते आधी बघा

या आठवड्यात माडांच्या आळ्यांवर लिहिणार होतो. तो विषय पुढे ढकलतो आहे. पागोळीच्या चरावरचा भाग आल्यापासून पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून येतोय आणि त्याचं उत्तर आषाढातच द्यायला हवं. संगमेश्वर तालुक्यातल्या एका काकूंनी तो सगळ्यांत नेमका मांडलाय : ‘अंगणात पेव्हर ब्लॉक घातले. मातीचं होतं तेव्हा चिखल व्हायचा, पण कोणी घसरून पडलं नाही. आता ब्लीचिंग पावडर टाकते, थोडे दिवस बरं असतं, नि पुन्हा हिरवं. सासूबाईंचं वय झालंय. काय करू?’

काकू, पावडरीचा डबा आधी बाजूला ठेवा. पाऊस तासभर थांबला की अंगणात उभ्या राहा आणि शेवाळ नेमकं कुठे आहे ते बघा. ते सगळीकडे सारखं नसतं. पागोळीच्या रेषेत असतं, कुंड्यांच्या बुडाशी असतं, तुळशीवृंदावनाच्या एका बाजूला असतं, दोन ब्लॉक जरा खचलेत तिथे असतं. म्हणजे पाणी जिथे रेंगाळतं तिथे. पावडरीने वरचं हिरवं मरतं, पाणी मात्र तिथेच राहतं आणि पुढची सर आली की नवी वस्ती बसते. वर ते क्लोरिनचं पाणी वाहत जाऊन चराकाठच्या अळू-कर्दळीच्या मुळाशी मुरतं. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र तर कधीच वापरू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

पाणी किती, याचा हिशोब करून बघा. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १०,००० लिटर पाणी खाली येतं. कोकणात असे दिवस दर पावसाळ्यात येतात. दुपाखी घर असेल तर त्यातलं निम्मं पुढच्या पागोळीतून अंगणाच्या एकाच पट्ट्यावर कोसळतं. तिथे सपाट ब्लॉक असतील तर शेवाळ धरणारच. त्या पट्टीतले ब्लॉक काढून हातभर रुंदीत नदीतले गोटे भरा आणि खालून चर काढून द्या. अंगणाच्या उरलेल्या भागाला घरापासून बाहेर, मीटरला दोन सेंटिमीटर उतार हवा. डोळ्यांना तो जाणवतही नाही, पाण्याला मात्र पुरतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. शेवाळ उत्तरेच्या बाजूला धरतं, असं परदेशी बागकामाच्या पुस्तकांत वाचून अनेकजण उत्तरेकडच्या फांद्या तोडत बसतात. आपल्याकडे तो नियम लागू पडत नाही. रत्नागिरीच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. ढग फाटून ऊन पडलंच, तर उत्तरेच्या भिंतीला मिळतं. त्यात पावसाचा मारा नैऋत्येकडून. म्हणून भर पावसाळ्यात आपली दक्षिण आणि पश्चिम बाजू भिजते जास्त आणि वाळते कमी. फांद्या उतरवायच्या असतील तर त्या बाजूच्या, आणि वैशाखातच.

निसरडं होतं ते बहुतेक वेळा मॉस नसतं. मॉस मखमलीसारखं, बारीक पानांचं असतं. पाय सरकतो तो काळपट-हिरव्या बुळबुळीत थरावरून, आणि तो सायनोबॅक्टेरियांचा असतो. जांभ्याच्या गडग्यावरचे काळे ओघळ याच कुळातले. उन्हापासून वाचवणारं एक गडद रंगद्रव्य त्यांच्याकडे असतं. उन्हाळाभर ते कोरडे, मेल्यासारखे पडून राहतात आणि मृगाच्या सरींनी पुन्हा जिवंत होतात. त्यांतले काही हवेतला नायट्रोजन धरून मातीला देतात. म्हणून अंगणातलं खरवडलेलं शेवाळ गटारात लोटू नका, माडाच्या किंवा केळीच्या बुडाशी टाका.

खरवडायचं ते ओलं असतानाच, पत्र्याच्या तुकड्याने किंवा राठ खराट्याने, थोडी जाड वाळू टाकून. सगळं अंगण घासत बसू नका. दारापासून न्हाणीपर्यंत आणि दारापासून बेड्यापर्यंत, माणसांच्या जाण्यायेण्याची वाट तेवढी लख्ख ठेवा. सासूबाईंच्या वाटेवर खडबडीत चिरे बसवा आणि हाताशी बांबूचा कठडा बांधा. जुनी घरं हेच करायची. पावसाचे चार महिने अंगण गवताला सोडून दिलेलं असायचं, पाय पडायचे ते मधल्या दगडांवर. पाऊस सरला की गवत तासून, माती चोपून, तुळशीच्या लग्नाआधी अंगण नव्याने सारवलं जायचं. चार महिने पावसाचे आणि आठ महिने माणसांचे, ही वाटणी मला आजही शहाणपणाची वाटते. बारा महिने एकसारखं कोरडं, टाइलसारखं अंगण हवं, हा हट्ट धरला की पावडरीचा खर्च सुरू होतो.

गडग्यावरच्या शेवाळाला मात्र हात लावू नका. ते पाणी धरून ठेवतं, धूळ अडवतं, त्या चिमूटभर मातीत आधी नेचे येतात आणि श्रावणात तेरडा फुलतो. तिथे एकच पहारा ठेवायचा : पिंपळ-उंबराचं रोप दिसलं की बोटभर असतानाच उपटायचं. मुळं चिऱ्यांच्या सांध्यात शिरली की गडगा फुटलाच.

या आठवड्यात एक काम करा. सर थांबल्यावर जिथे जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे एकेक दगड ठेवा आणि कागदावर अंगणाचा आराखडा काढून त्या जागा त्यात मांडून ठेवा. पाऊस गेल्यावर या खुणा कोणालाच आठवत नाहीत आणि गवंडी नुसत्या अंदाजाने उतार काढतो. तो कागद जपा. पाण्याच्या नळीने पातळी कशी बघायची ते दिवाळीनंतर सांगेन, तेव्हा लागेल. माडांची आळी पुढच्या आठवड्यात.