वयाचा दाखला की धुराचा?

राजधानीत बदलीवर येणाऱ्या मराठी अधिकाऱ्याने सामानाबरोबर मोटारही आणायची ठरवली, तर तिचे जन्मसाल आधी पाहावे लागते. पुण्यात पंधरा वर्षे पुरी झालेली पेट्रोल मोटार योग्यता तपासणी करून, हरित कर भरून आणखी पाच वर्षे रस्त्यावर राहते. दिल्लीत तीच भंगारात निघू शकते. डिझेलला तर दहाच वर्षांची मुदत! राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ व २०१५ मध्ये आखलेली ही रेषा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केली.

अंमलबजावणीचा खरा प्रयत्न मात्र १ जुलै २०२५ रोजी झाला. पेट्रोल पंपांवर कॅमेरे बसले आणि मुदत संपलेल्या गाड्यांना इंधन नाकारण्याचे फर्मान निघाले. अशा गाड्यांची दिल्लीतील संख्या सुमारे ६२ लाख सांगितली जात होती. एवढ्या मतदारांच्या दारातील वाहनाला हात घालणे सत्तेवर येऊन जेमतेम साडेचार महिने झालेल्या रेखा गुप्ता सरकारला परवडणारे नव्हते. तिसऱ्याच दिवशी पर्यावरणमंत्री मनजिंदरसिंग सिरसा यांनी हवा गुणवत्ता आयोगाला पत्र धाडले. आठ तारखेला आयोगाने मुदत नोव्हेंबरपर्यंत ढकलली. मग राज्य सरकारच न्यायालयात गेले. १२ ऑगस्टला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने केवळ वयाच्या कारणास्तव गाडीमालकांवर सक्तीची कारवाई नको, असा अंतरिम दिलासा दिला.

या वादाची पाळेमुळे जुनी आहेत आणि त्यांत मराठी नावेही आहेत. १९८५ च्या एम. सी. मेहता याचिकेत न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीच्या साऱ्या बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला. राम नाईक पेट्रोलियममंत्री असताना, २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली इंधन धोरण समिती नेमली गेली. सरकारने उत्सर्जनाची मर्यादा ठरवावी, ती कोणत्या इंधनाने वा तंत्राने गाठायची हे ठरवू नये, असा तिचा सूर होता. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. समितीत एकही डॉक्टर वा सार्वजनिक आरोग्याचा जाणकार नाही, यावरही बोट ठेवले. रस्त्यावर राहणाऱ्या डिझेल बसला रोजचा दंड लागला आणि त्या वर्षअखेरीस शहरातून डिझेल बस हद्दपार झाली. त्या वेळी न्यायालयाचा कठोरपणा योग्यच होता. समितीचे तत्त्वही सर्वस्वी चुकीचे नव्हते.

१७ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालय काहीसे त्याच तत्त्वाकडे वळले. ऑगस्टचे संरक्षण बीएस-चार व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरतेच राहील, असे सरन्यायाधीश सूर्य कान्त यांच्या पीठाने स्पष्ट केले. दिल्लीत हे मानक एप्रिल २०१० पासून लागू झाले. म्हणजे दिल्लीत त्यापूर्वी नोंदलेल्या पेट्रोल गाड्यांची पंधरा वर्षे तशीही उलटून गेली होती. खरा लाभ झाला तो दशकभर धावलेल्या, पण बीएस-चार असलेल्या डिझेल मोटारींना.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी येथेच एक खाच आहे. २०१० च्या पहिल्या तेरा शहरांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. देशात सर्वत्र हे मानक २०१७ मध्ये आले. त्यामुळे २०१२ साली पुण्यात नोंदलेली डिझेल मोटार संरक्षणात बसेल, पण त्याच वर्षी एखाद्या लहान जिल्ह्यात नोंदलेली बीएस-तीन मोटार बसणार नाही. दोघींची निगा कशी राखली, हे कोणी विचारणार नाही.

विचारायचे तर मोजायचे कशाने? पीयूसी केंद्रात पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तपासतात, डिझेलच्या धुराची घनता पाहतात. दिल्लीकरांच्या फुप्फुसांत उतरणारे सूक्ष्म कण तेथे मोजलेच जात नाहीत.